ओलीस आणि ओळख

घरातली रद्दी काढायला बसले की काम कमी आणि वाचन जास्त होते, हा सर्वांचाच अनुभव असावा. मागे एकदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले, तेव्हा १९९७ च्या एप्रिलमधले एक पिवळे पडलेले पान हाती आले. ते दिवस आपल्याकडे मोठ्या धामधुमीचे होते. देवेगौडांचे सरकार गडगडले होते, २१ एप्रिलला इंद्रकुमार गुजराल यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती आणि वर्तमानपत्रांना दिल्लीच्या बातम्या पुरून उरत होत्या. त्या गर्दीतही एका दूरच्या देशाने आपल्यासाठी जागा मिळवली होती. तो देश म्हणजे पेरू. आपल्याला पेरू म्हटले की आधी फळच आठवते. तिथल्या लिमा शहरात, जपानी राजदूताच्या बंगल्यात चार महिने डांबून ठेवलेल्या ७२ ओलिसांवर झडप घालून कमांडोंनी त्यांची सुटका केली होती. एक ओलीस दगावला, दोन लष्करी अधिकारी कामी आले आणि अतिरेकी चौदाच्या चौदा ठार.

तेव्हा ही बातमी वाचून आमच्या घरात 'शाबास!' असा उद्गार निघाल्याचे आठवते. चहा संपला, पान उलटले, विषय संपला. इतक्या वर्षांनी तेच पान वाचताना मात्र नजर एका तपशिलापाशी अडली. हल्ला झाला तेव्हा त्या अतिरेक्यांपैकी बरेच जण बंगल्याच्या दिवाणखान्यात फुटबॉल खेळत होते. ज्यांच्या हाती ७२ जणांचे जीव होते, ती माणसे दुपारी चेंडू लाथाडत होती! मग वाटले, ही होती तरी कोण? आणि ज्यांना त्यांनी कोंडून ठेवले होते, त्यांना चार महिन्यांच्या सहवासात ती कशी दिसली असतील? गेली काही वर्षे मिळेल तसे या घटनेबद्दल वाचत गेलो, आणि त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

१७ डिसेंबर १९९६, मंगळवारची संध्याकाळ. जपानचे सम्राट अकिहितो यांच्या ६३ व्या वाढदिवसानिमित्त राजदूत मोरिहिसा आओकी यांनी आपल्या निवासस्थानी मेजवानी ठेवली होती. सान इसिद्रो ही लिमामधली श्रीमंतांची वस्ती. मंत्री, न्यायाधीश, सेनाधिकारी, उद्योगपती, निरनिराळ्या देशांचे राजदूत असे शेकडो पाहुणे जमले होते. शेजारच्या घराच्या बाजूने कुंपणाची भिंत स्फोटाने उडवून चौदा जण आत घुसले, आणि पाहुणे म्हणून आलेली माणसे क्षणात ओलीस झाली. सुरुवातीला बायकांना सोडण्यात आले. पेरूचे अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या आईही त्यांत होत्या. फुजिमोरी स्वतः जपानहून आलेल्या कुटुंबातले. पुढे टप्प्याटप्प्याने इतर अनेकांची सुटका झाली. त्यांत आलेहांद्रो तोलेदो नावाचे एक अर्थतज्ज्ञ होते. तेच पुढे २००१ मध्ये पेरूचे अध्यक्ष झाले. शेवटी उरले ते ७२.

आत घुसलेले लोक 'तुपाक अमारू क्रांतिकारी चळवळ' या संघटनेचे. १७८० साली स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या तुपाक अमारूचे नाव त्यांनी घेतले होते. त्यांचा म्होरक्या नेस्तोर सेर्पा हा मुळात लिमामधल्या एका कापड गिरणीतला कामगार पुढारी. १९७९ साली कामगारांनी ती गिरणी ताब्यात घेतली, पोलीस चालून गेले आणि त्यात कामगार मेले. मुंबईचे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला फारसे कष्ट पडू नयेत. सेर्पाची मुख्य मागणी होती तुरुंगात खितपत पडलेल्या चारशेहून अधिक साथीदारांच्या सुटकेची. त्या कैद्यांत त्याची बायकोही होती.

या लोकांना आज संत ठरवायचे कारण नाही. त्यांनी पूर्वी माणसे पळवली होती, खंडण्या घेतल्या होती, खूनही केले होते. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ साली दिलेल्या अहवालात १९८० ते २००० या काळातल्या यादवीत सुमारे ६९ हजार माणसे मेली असा अंदाज मांडला. त्यांतले निम्म्याहून अधिक मृत्यू 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेच्या माथी होते, तर तुपाक अमारूवाल्यांच्या माथी सुमारे दीड टक्का. दीड टक्का ऐकायला लहान वाटतो, पण ती हजारभर माणसे होतात. त्या प्रत्येकामागे रडणारे एक घर होते.

पण त्या बंगल्यात शिरलेल्या चौदा जणांत मुरलेले म्होरके तीन-चारच होते. बाकीची बहुतेक पोरे होती. जंगलपट्टीतल्या गरीब गावांतून आलेली, विशीच्या अलीकडची-पलीकडची. त्यांत दोन मुली. हातात बंदूक, कमरेला हातबॉम्ब, आणि वय पाहावे तर आपल्याकडच्या कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे. एकीला सगळे 'सिंथिया' म्हणत. हे तिचे संघटनेतले नाव.

आता वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. सरकारने बंगल्याची वीज आणि पाणी तोडलेले. उन्हाळा ऐन भरात, कारण तिकडे जानेवारी-फेब्रुवारी हेच उन्हाळ्याचे महिने. रेडक्रॉसची माणसे रोज दारापर्यंत जेवण, पाणी, धुतलेले कपडे आणून देत. खुआन खुलिओ विख्त नावाच्या एका जेझुइट धर्मगुरूंना सुटण्याची संधी मिळाली होती, पण 'बाकीचे आत असताना मी कसा जाऊ?' या भावनेने ते मागे राहिले आणि ओलिसांसाठी प्रार्थना चालवत राहिले. मंत्री आणि न्यायाधीश जमिनीवर झोपत होते. आणि त्यांच्यावर पहारा करणारी पोरे त्याच बंगल्यात, त्याच उकाड्यात, तेच डबे खाऊन तेच दिवस मोजत होती. दारे दोघांनाही बंदच होती. बाहेर पडले तर मरण, हे ओलिसांइतकेच पहारेकऱ्यांनाही ठाऊक होते.

अशा ठिकाणी पहिला आठवडा भीतीचा असतो. दुसऱ्या आठवड्यात भीतीला कंटाळा येऊन मिळतो. तिसऱ्या आठवड्यात माणूस बोलू लागतो. गाव कुठले, घरी कोण कोण आहे, शाळा कितवीपर्यंत झाली? बंदूकवाल्याला नाव मिळते, आणि एकदा नाव मिळाले की तो नुसता बंदूकवाला राहत नाही. आपल्याकडे सहवासाने झाडाझुडपांचाही लळा लागतो असे म्हणतात. इथे तर जितीजागती माणसे होती. एकीकडे वयाने बापाच्या जागी असणारे साहेब, दुसरीकडे मुलांच्या वयाचे शत्रू. ओलिसांपैकी किती जणांना ही पोरे पाहून घरची मुले आठवली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण आठवली नसतील असे मानणे कठीण आहे.

त्याच वेळी जमिनीखाली वेगळेच चालले होते. खाणकामगार आणून लष्कर बंगल्याच्या दिशेने भुयारे खोदत होते आणि खोदकामाचा आवाज दबावा म्हणून बाहेर मोठमोठ्याने संगीत वाजवले जात होते. ओलिसांसाठी आत जाणाऱ्या पुस्तकांतून, पाण्याच्या बाटल्यांतून, बैठ्या खेळांच्या पटांतून छुपे ध्वनिग्राहक आत पोचवले होते. ओलिसांमधले निवृत्त नौदल अधिकारी लुईस जांपिएत्री यांच्याकडे एक चिमुकला बिनतारी संच पोचला होता आणि ते आतली खबर बाहेर देत होते. दुपारी पोरे खाली फुटबॉल खेळतात, ही त्यांतली सर्वांत मोलाची खबर. २२ एप्रिल १९९७, पुन्हा मंगळवार, बरोबर अठरा आठवडे पुरे झालेले. दुपारी सव्वातीनच्या पुढे खेळ रंगात आला आणि दिवाणखान्याच्या जमिनीखालचा सुरुंग उडाला.

पाऊण तासाच्या आत सारे आटोपले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कार्लोस ख्युस्ती गेले. लेफ्टनंट कर्नल खुआन वालेर आणि त्यांचे तरुण सहकारी राऊल हिमेनेस हे दोन अधिकारी ओलिसांना वाचवताना पडले. ७१ माणसे जिवंत घरी गेली. लष्करी कारवाई म्हणून हे काम असामान्य होते, यात शंका नाही. एरवी अशा हल्ल्यांत ओलिसांचीच प्रेते अधिक पडतात. याचे मोठे श्रेय कमांडोंच्या वेगाला. पण सुटून आलेल्यांकडून आणखीही एक गोष्ट बाहेर आली. गोंधळ चालू असताना एक तरुण बंडखोर ओलिसांच्या खोलीच्या दारात आला, त्याने बंदूक रोखली, आणि गोळी न झाडताच तो वळून निघून गेला. त्याने असे का केले हे त्याला विचारायला कोणी उरले नाही, कारण तोही त्या चौदांतलाच.

यापुढची गोष्ट हिदेताका ओगुरा यांची. ते जपानी वकिलातीचे प्रथम सचिव होते आणि अगदी शेवटपर्यंत ओलीस होते. सुटकेनंतर त्यांनी जे सांगितले ते पेरूमध्ये अनेकांना रुचले नाही. ते म्हणाले की, आपण बंगल्यातून बाहेर पडत असताना काही बंडखोर जिवंत होते. सिंथिया सैनिकांच्या गराड्यात होती आणि 'मारू नका' अशा अर्थाचे काहीतरी ओरडत होती. पुढे शेजारच्या घराच्या बागेत म्होरक्यांपैकी एक, 'तितो' या नावाने ओळखला जाणारा एदुआर्दो क्रूस, आपल्याला हात बांधलेल्या स्थितीत जिवंत दिसला. सरकारी हिशेबात मात्र हे सारे 'चकमकीत ठार' झालेले होते. २००१ साली फुजिमोरींची राजवट संपल्यावर ओगुरांनी हे लेखी स्वरूपात पेरूच्या न्यायव्यवस्थेपुढे ठेवले. दोन पोलिसांनीही तितोला जिवंत पकडून सैनिकांच्या हवाली केल्याचे सांगितले. खुणेशिवाय पुरलेली प्रेते उकरून काढण्यात आली. तितोला लागलेली गोळी मानेत मागच्या बाजूने शिरलेली होती.

इथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्यांनी आपल्याला १२६ दिवस कोंडले, 'मागण्या मान्य झाल्या नाहीत तर मारू' अशा धमक्या दिल्या, त्यांच्या बाजूने माणसाने साक्ष का द्यावी? ओगुरांना यातून काय मिळणार होते? त्यांच्या सरकारला ही कारवाई यशस्वी म्हणून हवी होती. ज्यांनी त्यांचा जीव वाचवला त्या सैनिकांवरच यामुळे बोट रोखले जात होते. गप्प बसणे सर्वांत सोपे होते.

या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे आणि ते आता आपल्याकडच्या चित्रपटांतही सर्रास ऐकू येते. ते म्हणजे 'स्टॉकहोम सिंड्रोम'. ओलिसाला आपल्या अपहरणकर्त्याविषयी ममत्व वाटू लागते, हा म्हणे मनाचा एक विकार आहे. या शब्दाचा जन्मही मोठा बोलका आहे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत यान-एरिक ओल्सोन नावाचा दरोडेखोर शिरला आणि त्याने चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस डांबून ठेवले. त्यांपैकी क्रिस्तिन एनमार्क या तरुणीने थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलून 'दरोडेखोरांपेक्षा मला पोलिसांच्या हल्ल्याचीच भीती जास्त वाटते, आम्हाला त्यांच्याबरोबर जाऊ द्या' अशा आशयाचे सांगितले. पोलिसांचे सल्लागार असलेले मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयरोत यांनी या वागण्याला विकार ठरवून त्याचे बारसे केले. एनमार्कबाईंनी पुढे अनेक वर्षे एकच तक्रार केली: मी शुद्धीत होते, माझा जीव वाचावा म्हणून जे शहाणपणाचे वाटले ते मी बोलत होते, आणि मला काही न विचारताच माझ्यावर शिक्का मारला गेला. मानसोपचारशास्त्राची जी अमेरिकन प्रमाण सूची जगभर वापरली जाते, तिच्यात आजही या नावाचा विकार नाही.

माझे म्हणणे असे की, ओलीस आणि त्याला डांबणारा तरुण यांच्यात जे काही जुळते, त्याला आपण फार घाईने आजार म्हणतो. घाई का? कारण तसे म्हटले की ऐकण्याची जबाबदारी टळते. वेड्याची साक्ष कोण घेणार? 'बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झाला आहे' असे म्हणून आपण त्याला प्रेमाने घरी पाठवतो, आणि त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते त्याच्यापाशीच राहते.

याचा अर्थ असा नाही की अशा नात्यात खोट नसते. असते, आणि मोठी असते. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याने पाण्याचा पेला पुढे केला, तर तो पेला खऱ्या मोलाच्या दसपट मोठा वाटतो. मारण्याची सत्ता असलेल्याने न मारणे हाच उपकार वाटू लागतो. या कृतज्ञतेत भीतीचा अंश असतो, आणि तो ओळखलाच पाहिजे. सगळ्या ओलिसांना सारखेच वाटते असेही नाही. जांपिएत्रींनी तेच १२६ दिवस काढले, त्याच पोरांना पाहिले, आणि तरी ते अखेरपर्यंत मनाने लष्कराच्याच बाजूला राहिले. पुढे २००६ ते २०११ या काळात ते पेरूचे उपाध्यक्ष होते. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या बिनतारी संचामुळेच ७१ घरांत माणसे परत आली. आणि न्यायमूर्ती ख्युस्तींच्या किंवा कर्नल वालेर यांच्या घरच्यांना जाऊन 'ती पोरे मनाने चांगली होती' असे सांगण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही.

पण ओगुरांनी तरी तसे कुठे म्हटले? हाच तर मुद्दा आहे. त्यांनी बंडखोरांना निर्दोष म्हटले नाही, त्यांना माफ करा म्हटले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की ही माणसे मी जिवंत, निःशस्त्र आणि तुमच्या ताब्यात पाहिली. याला मैत्री म्हणणे जास्त होईल, प्रेम म्हणणे खोटे होईल. याला साधा मराठी शब्द आहे, 'ओळख'. त्या गदारोळातही 'एक बंडखोर स्त्री' नव्हे, तर 'सिंथिया' असे त्यांना म्हणता आले, ते चार महिन्यांच्या ओळखीमुळे. ओळख नसती तर बागेत बांधून पडलेला माणूस त्यांना दिसलाच नसता. दिसला असता तरी लक्षात राहिला नसता. ओळखीने माणूस आंधळा होतो असे आपण समजतो. कधीकधी ओळखीमुळेच माणसाला दिसू लागते.

ओगुरा पुढे प्राध्यापक झाले. २००० साली त्यांनी या घटनेवर जपानी भाषेत पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा भावार्थ 'दडपून टाकलेला संवाद' असा आहे. पेरूमध्ये प्रकरण अनेक वर्षे रखडले. २००२ साली कमांडोंवर वॉरंट निघाली तेव्हा जनमत खवळले. ज्यांनी जिवावर उदार होऊन ओलिसांना सोडवले त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, हे लोकांना सहन झाले नाही, आणि तो संताप समजण्यासारखा होता. पुढे लष्करी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. अखेर १७ एप्रिल २०१५ रोजी अमेरिका खंडातील देशांच्या मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला. ओलिसांची सुटका करण्याचा सरकारचा अधिकार त्याने मान्य केला. सिंथिया आणि तिचा आणखी एक साथीदार यांना शरण आल्यावर मारले हे पुराव्याने सिद्ध होत नाही, असेही म्हटले. मात्र तितोला पकडल्यानंतर ठार करण्यात आले आणि त्याची जबाबदारी पेरू सरकारवर आहे, असे स्पष्ट सांगितले. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, पेरूच्या संसदेने त्या कारवाईतल्या कमांडोंना 'लोकशाहीचे वीर' असा किताब दिला. दोन्ही गोष्टी आज त्या देशाच्या दप्तरी आहेत. मला वाटते, दोन्ही खऱ्या आहेत. दुपारी सव्वातीननंतर दाखवलेले शौर्य खरे, आणि त्यानंतर बांधलेल्या माणसाला घातलेली गोळीही खरी.

लिमाची ही घटना ॲन पॅचेट या अमेरिकन लेखिकेच्या मनात रुतली. तिच्यावरून प्रेरणा घेऊन तिने 'बेल कांतो' ही कादंबरी लिहिली. २००१ साली ती गाजली आणि २०१८ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. कादंबरीला अशी नाती पेलवतात. प्रत्यक्षात काय घडले असते, त्या पोरांपैकी एखादे जगले असते तर त्याचे काय झाले असते, हे लिमा सांगू शकत नाही. त्यासाठी शेजारच्या कोलंबियात जावे लागते.

सप्टेंबर २००३ मध्ये सिएरा नेवादाच्या डोंगरातले 'हरवलेले शहर' पाहायला गेलेल्या आठ परदेशी प्रवाशांना ईएलएन या गनिमी संघटनेने पळवून नेले. त्यांत मार्क हेंडरसन हा ब्रिटिश दूरचित्रवाणी निर्माता होता. त्याला १०१ दिवस जंगलात फिरवण्यात आले. सुटकेनंतर काही महिन्यांनी त्याला एक पत्र आले. संगणकावरून आलेले ते पत्र पहाऱ्यावर असलेल्या आंतोनिओ नावाच्या तरुणाचे होते. काय उत्तर द्यावे? हेंडरसनने द्यायचे ठरवले, आणि पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. मधल्या काळात आंतोनिओने बंदूक खाली ठेवली. २००९ साली हेंडरसन काही जुन्या सहओलिसांना घेऊन पुन्हा कोलंबियात गेला, आंतोनिओला समोरासमोर भेटला आणि मनात साठलेले प्रश्न त्याने विचारले. 'माय किडनॅपर' या २०१० च्या माहितीपटात हे सारे आहे. १०१ दिवसांचा अन्याय त्या भेटीने पुसला गेला नाही. पण तो तरुण उत्तर द्यायला जिवंत होता, आणि उत्तर मागायला कोणीतरी हजारो मैलांवरून आले होते. लिमाच्या दारातून वळून गेलेल्या त्या मुलाला 'तू गोळी का झाडली नाहीस?' असे विचारण्याची सोय कोणी ठेवली नाही.

वाचक म्हणतील, पेरू-कोलंबियाच्या या गोष्टी मराठी घरात रविवारी सकाळी कशाला? त्याचे उत्तर गडचिरोलीत आहे. तिथेही दलमांत ओढली गेलेली पोरे-पोरी जंगलातल्या गरीब गावांतलीच. त्यांच्या हातून पोलीस मेले, खबरी ठरवून आदिवासी मारले गेले. ते दुःख कोणी विसरू नये. तरीही २००५ पासून महाराष्ट्र सरकारने शरण येणाऱ्यांसाठी योजना चालवली आणि अनेकांनी बंदुका खाली ठेवल्या. या योजनेचे भांडवल पैसा नव्हे, विश्वास आहे. हात वर करून बाहेर आलो तर जीव जाणार नाही, हा विश्वास. ज्या दिवशी हात वर केलेला एक जण मारला जातो, त्या दिवशी जंगलातले आणखी दहा जण हात वर करायचे नाही असे ठरवतात. म्हणून ओगुरांसारख्याची साक्ष ही शत्रूची तरफदारी नसते. ती पुढच्या ओलिसाच्या आणि पुढच्या जवानाच्याही जीवाची काळजी असते.

आपण घरी बसून बातमी वाचणारी माणसे. आपल्याला 'अतिरेकी' हा एकच शब्द मिळतो, आणि त्यात पन्नाशीचा म्होरक्या आणि अठरा वर्षांची पोर दोघेही सारखेच मावतात. आपली ओळख होण्याची वेळ येऊ नये, हीच इच्छा. पण ज्याच्यावर ती वेळ आली, जो त्या बंद दाराआड त्यांच्याबरोबर राहून जिवंत परत आला, तो काही सांगू लागला तर त्याला आजारी म्हणून गप्प करू नये. बंदूकवाल्याला सर्वांत जवळून त्यानेच पाहिलेले असते. त्याच्या रागाचा अधिकार आपण मान्य करतो. त्याच्या ओळखीचाही करावा.

ते पिवळे पान मी रद्दीत टाकले नाही. त्यावर चौदाचा आकडा आहे, नावे नाहीत. मी पेन घेऊन कडेला एकच नाव लिहिले, सिंथिया, आणि पान पुन्हा घडी करून ठेवले.